चौथा वापरणारा

तिनं दातांनी मनगटपट्ट्याची पट्टी ओढली. चर्रकन आवाज झाला, पट्टा टेबलावर पडला. उजवा हात दोनदा झटकून, तोंड वाकडं करून तिनं कीबोर्ड जवळ घेतला.

"घाल तो परत," तो दारातूनच म्हणाला. दुकान बंद करून तो नुकताच आला होता. हातातल्या पिशव्याही अजून खाली ठेवल्या नव्हत्या.

"पाच मिनिटं."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांना काय जातंय म्हणायला!"

त्यानं पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळी सरसर वर चालल्या होत्या. लाल म्हणजे बिघाड, एवढं लग्नानंतर त्यालाही कळायला लागलं होतं. बाकी या कामातलं त्याला ओ की ठो कळत नसे. लोकांचे डोळे तपासावेत, चष्मे करून द्यावेत, नाकावर नीट बसतात की नाही ते बघावं, एवढाच त्याचा उद्योग.

हाताच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. अंगठ्याखालची शीर सुजली आहे. तिला विश्रांती दिली नाही तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतरही बोटांची पकड पहिल्यासारखी होईलच असं नाही. ती हॉस्पिटलात मेंदूच्या लहरी तपासणाऱ्या विभागात तंत्रज्ञ होती. केसांतून बोटं फिरवून कवटीवरची नेमकी जागा शोधायची, तिथं लेप लावून तार चिकटवायची, अशा तारा डोकंभर. आरडाओरडा करत आलेली पोरं तिच्या हाताखाली झोपी जात. हात गेला तर नोकरी गेली, आणि या हातांचा तिला केवढा अभिमान होता हे त्याला माहीत होतं. दिवसाचं काम पट्टा बांधून चालू ठेवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. संध्याकाळचं टायपिंग मात्र बंद म्हणजे बंद, असं ते बोट उगारून म्हणाले होते.

आणि तेच बंद होत नव्हतं.

हे टायपिंग ना हॉस्पिटलचं होतं, ना कुणी सांगितलेलं. हॉस्पिटलच्या यंत्राबरोबर येणारं सॉफ्टवेअर इतकं महाग की विभागातल्या शिकाऊ मुलांना त्याला हात लावू देत नसत. तेव्हा तिनं शोधून शोधून एका प्राध्यापकाचा प्रोग्रॅम काढला. मेंदूच्या लहरी वाचायचा, फुकट, आणि त्याचं पोट सगळ्यांना उघडं. कुणीही बघावं, कुणीही सुधारावं. फक्त तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालेल तर शपथ. प्राध्यापक लिहून मोकळे झाले होते. प्रोग्रॅमला लागणारे शंभर लहानमोठे भाग गोळा करायचे, ते एकमेकांशी जुळवायचे, आणि कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स वापरणाऱ्या कुणालाही एका ओळीत तो उतरवून घेता येईल असं गाठोडं बांधून ठेवायचं, हे काम तिनं अंगावर घेतलं. याला म्हणतात पॅकेज करणं. पैसा नाही, पगार नाही, शाबासकी वर्षातून एखादी. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत. पण घोडं तिनं आपल्या हातानं दारात आणून बांधलं होतं, तेव्हा व्याह्याला तरी काय बोलणार!

तो त्या पॅकेजला 'डोकेदुखी' म्हणायचा. आधी गमतीनं म्हणायचा.

"हे बघ, सोडून दे ना आता," तो म्हणाला. "आणखी कोणी करेल."

"कोणी नाही करत. महिन्याभरात गोठवण आहे."

गोठवण त्याला माहीत होती. दर दोनेक वर्षांनी तिच्यासारखी बिनपगारी राबणारी ती मंडळी लिनक्सच्या आपल्या संचाची नवी आवृत्ती काढत. त्याआधी सगळं गोठवायचं. मग नवं काही आत घेत नाहीत आणि जे मोडकं असेल ते बाहेर. यंदा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला होता ती भाषाच बदलली होती आणि प्रोग्रॅम ठिकठिकाणी फुटला होता. ती फुटकी भांडी सांधत बसली होती, सुजलेल्या हातानं.

"बाहेर काढतील तर काढू दे. जगाचं काय अडणार आहे?"

"जगाचं नाही अडत," ती म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "चौथ्याचं काय?"

झालं. चौथ्याचं नाव निघालं की त्याची बोलती बंद व्हायची. तो मुकाट्यानं ओट्याकडं गेला आणि पिशवीतली भाजी निवडायला लागला.

चौथा या घरात बरीच वर्षं राहत होता. घरात माणसं दोनच, पण ताटावर बोलणं चौथ्याचं. त्याची हकीगत अशी. आपल्या कॉम्प्युटरवर कोणकोणती पॅकेजं आहेत हे दर आठवड्याला कळवायची परवानगी लिनक्सवाल्यांना देता येते. नाव नाही, गाव नाही, नुसती मोजणी. त्यावरून कुठलं पॅकेज किती मशिनांवर आहे ते कुणालाही बघता येतं. तिच्या पॅकेजचा आकडा होता तीन. एक तिचा लॅपटॉप, एक घरातला मोठा कॉम्प्युटर आणि एक चाचणीसाठी ठेवलेलं जुनाट मशीन. तिन्ही तिचीच. शिकाऊ मुलं तोवर दुसरीकडं पांगली होती. मग एकदा त्या मंडळींपैकी कोणीतरी जाहीर लिहिलं, तीन माणसांसाठी एवढा पसारा कशाला ठेवायचा, काढून टाकू या. ते वाचून ती रडली होती. डोळ्यांत पाणी वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन. "तीन माणसंसुद्धा नाहीत रे," ती म्हणाली होती, "मी एकटीच आहे."

त्याला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिनंच लिनक्स बसवून दिलेलं होतं, मोजणीच्या परवानगीसकट, कारण तिनं बसवलेल्या प्रत्येक मशिनवर ती परवानगी असायचीच. त्यानं तिचं पान उघडलं, पॅकेज उतरवायची ओळ शोधली आणि एकेक अक्षर पाहून ती लिहिली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा कॉम्प्युटर गुरगुरला आणि बराच वेळ काहीबाही ओढून घेत बसला. मेंदूच्या लहरी वाचणारा प्रोग्रॅम चष्म्याच्या दुकानात येऊन पडला.

पुढच्या आठवड्यात आकडा चार झाला. ती टेबलावरून उठून स्वयंपाकघरात पळत आली आणि ओल्या हातांनीच तिनं त्याला धरून हलवलं. "चार! अरे, चार झाले! कोणीतरी आलं!" बहिणीला फोन केला. त्या जाहीर चर्चेत तिनं ताठ मानेनं लिहिलं की आकडा वाढतो आहे, पॅकेज राहू द्या. त्यांनी राहू दिलं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्यानं ठरवलंही होतं, की दोन दिवस खूश होऊ दे, मग हसत हसत सांगू. पण दोन दिवसांत चौथ्याला नाक-डोळे फुटले. तो कुठल्यातरी लहानशा इस्पितळातला मेंदूचा डॉक्टर झाला. त्याच्याकडं महागड्या सॉफ्टवेअरला पैसे नव्हते. एका खोलीत, एका जुन्या यंत्रावर, फेफऱ्याच्या रोग्यांचे आलेख तो हिच्या पॅकेजवर वाचत होता. "त्याचं इंग्रजी बेताचंच असणार," म्हणून तिनं पानावरच्या सूचना सोप्या केल्या, चित्रं घातली, आणखी तीन भाषांत लावल्या. "त्याचं मशीन जुनं असणार," म्हणून पॅकेज हलकं केलं. अशा भल्या माणसाला 'तो मीच' म्हणून कसं मारून टाकायचं? त्याची जीभ रेटेना. आणि एकदा वेळ गेली की सांगणं आणखी अवघड होतं. आधी गंमत सांगायची असते, मग चूक कबूल करायची असते, आणि त्यानंतर सांगण्यासारखं काही उरतच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बहिणीकडं जायचा बेत मोडला तो चौथ्यासाठी. "ऐन वेळी काही बिघडलं तर तो बिचारा काय करेल?" लग्नाच्या वाढदिवसाला बाहेर जेवायला जायचं होतं, तेव्हा कुठलासा भाग नव्यानं आला आणि पॅकेज मोडलं. ती टेबलाशी बसली, तो समोर बसून गार झालेलं जेवला. स्वतःनंच उभा केलेला माणूस स्वतःच्याच बायकोला पळवून नेत होता आणि तक्रार करायची सोय नव्हती. एकदा दुकानाची फरशी उखडली, महिनाभर सगळं बंद, तेव्हा आकडा तीनवर आला. ती दोन दिवस धड जेवली नाही. त्यानं फरशीवाल्याच्या मागं लागून, चार शिव्या खाऊन, काम उरकून घेतलं आणि सिमेंट वाळायच्या आत मशीन चालू केलं.

दुकान दोघा भावांचं. दादा थोरला, गल्ल्यावर बसायचा आणि जिभेवर लगाम कधी ठेवायचा नाही.

"हा डबा कधी फेकतोयस?" लाल ओळींच्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं कॉम्प्युटरला टपली मारली. "काचवाल्यांनी ऑर्डर द्यायचं नवं काहीतरी पाठवलंय, ते यावर चालत नाही म्हणे. सगळे दुकानदार बटण दाबून काचा मागवतात. आपण मात्र फोनवर ओरडतोय. उजवा डोळा, उजवा! काल तिकडून डाव्याची काच आली."

"बदलू या."

"फरशी घातली तेव्हापासून बदलतोयस. काय अडलंय ते तरी कळू दे."

समोरच्या खुर्चीत एक आजोबा चाचणीची जड फ्रेम घालून बसले होते. त्यानं त्यांच्या डोळ्यापुढं काच फिरवली, दुसरी घातली, परत पहिली घातली. आजोबा कंटाळून म्हणाले, "दोन्ही सारख्याच दिसतायत हो."

"तुझ्या बायकोचा हात कसा आहे?" दादानं आवाज खाली आणून विचारलं.

"करतेच आहे रात्रंदिवस टकटक."

"लष्कराच्या भाकऱ्या," दादा म्हणाला. "भाजून भाजून हात पोळले, तरी लष्कर काही जेवायला येत नाही. तू काही बोलत नाहीस तिला?"

"बोलतो ना."

"बोलतोस कसला! तुझ्यानं बोलवत नाही. तू लहानपणापासून असाच. मांजर पायात आलं तरी तूच माफी मागायचास."

त्यानं आजोबांची फ्रेम उतरवली, कागदावर नंबर लिहिला. लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढं तिचा कालचा हात होता. जेवताना तिनं पाण्याचा पेला उजव्या हातानं उचलला आणि तो हातातून सुटला. फुटला नाही. स्टीलचा होता. तिनं तो पायानं टेबलाखाली सारला आणि काही झालंच नाही अशा आवाजात मीठ मागितलं. त्याला तेव्हा खरोखर भीती वाटली. आजवर चौथा त्यांच्या सुट्ट्या खात होता, जेवणं खात होता. आता तो तिचा हात खाणार होता.

दुपारी दादा जेवायला घरी गेला. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि कॉम्प्युटरपुढं बसला. पॅकेज काढून टाकायचं कसं हे त्याला आठवत नव्हतं. आठवायला ते कधी केलंच नव्हतं. तिचंच पान उघडावं लागलं. उतरवून घ्यायच्या सूचनांखाली, बऱ्याच खाली, तिनं लिहिलं होतं: 'काढून टाकायचे असल्यास ही ओळ लिहावी. आपली काही अडचण झाली असेल तर कृपया कळवावे. मी दुरुस्त करण्याचा जरूर प्रयत्न करीन.'

इतक्या वर्षांत बायकोनं त्याला 'आपण' म्हटलं नव्हतं. त्या तीन वाक्यांपुढं तो बराच वेळ बसून राहिला. ती चौथ्यासाठी लिहिलेली होती, म्हणजे त्याच्यासाठी. आपली काही अडचण झाली असेल तर. झाली होती ना बाई, पण कळवणार कुठल्या तोंडानं?

त्यानं ओळ लिहिली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायचं का? त्यानं हो म्हटलं. काही गुरगुर झाली नाही, काही नाही. पापणी लवेपर्यंत चौथा गेला. त्यानं शटर वर केलं, तर रस्त्यावर लख्ख ऊन होतं, आणि त्याला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. कोणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढचे दिवस तो घरात पाहुण्यासारखा वागला. भांडी घासली. पडदे धुतले. तिच्या पट्ट्याची पट्टी बांधताना दोनदा विचारलं, घट्ट होतेय का.

"काय हवंय तुला?" ती म्हणाली.

"काही नाही."

"मग माळा कशाला आवरलास?"

"धूळ होती."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग परत लाल ओळींकडं वळली. रोज संध्याकाळी ती थोडंथोडं सांधत होती. डाव्या हातानं निम्मं, उजव्या हातानं निम्मं, आणि मधूनमधून दातांनी ओठ धरून. त्याला वाटायचं, उद्या-परवा आकडा पडेल आणि हे थांबेल. लगेच वाटायचं, आकडा पडला की ती कोसळेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांत्वनाची वाक्यं मात्र त्यानं तयार करून ठेवली. एवढी वर्षं तू त्याला सांभाळलंस, हे काय थोडं झालं? त्यानं नवं यंत्र घेतलं असेल, बरं झालं असेल त्याचं. काचा पुसता पुसता तो ही वाक्यं मनात म्हणून बघायचा. दादानं एकदा विचारलंही, ओठ काय हलवतोयस, मंत्र म्हणतोयस का?

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं चहाचा कप डाव्या हातात घेतला आणि मोठ्या कॉम्प्युटरपुढं बसली. आठवड्याचा आकडा बघायची तिची ही वेळ. तो वर्तमानपत्र घेऊन मुद्दाम खिडकीशी बसला, तिचा चेहरा दिसेल असा. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण तो एकच ओळ वाचत होता.

पडद्यावरची आकड्याची रेघ त्यालाही लांबून दिसली. फरशीच्या महिन्याचा एक खड्डा सोडला तर इतकी वर्षं सपाट चाललेली रेघ टोकाला येऊन खाली पडली होती.

तिनं चहाचा घोट घेतला.

"गेला," ती म्हणाली.

"कोण?" त्यानं विचारलं.

"चौथा."

ठरवलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. तो उठून तिच्यापाशी आला आणि खांद्यावर हात ठेवायचा की नाही अशा विचारात उभा राहिला. ती रडत नव्हती. रेघेचं पडलेलं टोक नीट निरखत होती, रोग्याचा आलेख निरखतात तसं.

"जाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "आता तरी सोड. आता अडायचंच नाही कुणाचं."

"हो. सोडतेच." तिनं कप खाली ठेवला. "मी काल पत्रही लिहून ठेवलंय. माझा हात चालत नाही, मला यापुढं जमणार नाही, म्हणून. डाव्या हातानं लिहायला तासभर लागला."

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा तो शेजारच्या स्टुलावर बसला. एवढं सोपं होतं. एवढी वर्षं एवढंच करायचं होतं. "मग पाठव ना," तो म्हणाला, "पाठव आत्ताच."

"पाठवते. पण आमच्यात एक पद्धत आहे."

"कसली?"

"पॅकेज असं उचलून टाकून देत नाहीत. कोणी वाली नाही असं जाहीर केलं, की ते अनाथ म्हणून फळ्यावर लागतं आणि मग कोणी विचारत नाही. त्याच्याआधी वापरणाऱ्यांना विचारायचं असतं, तुमच्यापैकी कोणी सांभाळायला घेतं का म्हणून. बहुतेक पॅकेजं अशीच हातोहात जातात. ज्याला लागतं तो घेतो."

"पण वापरतंय कोण? तीन तर तुझीच मशिनं."

"माझीच." तिनं खुर्ची त्याच्याकडं वळवली. "आणि एक तू होतास, मागच्या आठवड्यापर्यंत. म्हणून तुला विचारतेय. घेशील?"

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायला लाथा मारत होतं. ती चालू होईना. त्यानं तिच्या चेहऱ्यात राग शोधला, थट्टा शोधली. दोन्ही नव्हती.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पुष्कळ दिवस झाले."

"कसं?"

"अरे, मशिनवर नुसतं आहे की कोणी उघडतंय, हेसुद्धा त्या मोजणीत कळतं. चौथ्यानं एकदासुद्धा प्रोग्रॅम उघडला नाही. एकदासुद्धा! कुठला मेंदूचा डॉक्टर असा असतो? आणि तुमची फरशी उखडली तेव्हा तो गेला, दुकान चालू झालं तसा परत आला." आता मात्र ती थोडी हसली. "पहिल्यांदा रागच आला मला. भीक घातल्यासारखं वाटलं. मग म्हटलं, ज्याला माऊस धरता येत नाही त्यानं माझी ओळ वाचून वाचून, बघून बघून, एवढं उतरवून घेतलं. कोणी केलंय का माझ्यासाठी एवढं? डॉक्टर नसला म्हणून काय झालं, एक माणूस तर होता."

"मग मला कशाला छळलंस?" त्याचा आवाज चढला. किती वर्षांचं साठलेलं वर आलं. "चौथ्याचं काय, चौथ्याचं काय! गार झालेलं जेवण जेवलो मी. तुझ्या बहिणीकडं जायचं राहिलं. तुझा हात गेला असता, हात!"

"मी तुलाच तर विचारत होते दर वेळी."

"काय?"

"चौथ्याचं काय, म्हणून. तू एकदाही म्हणाला नाहीस, की नकोय मला."

स्कूटर तेवढ्यात चालू झाली आणि निघून गेली. प्रत्येक वेळी तिनं तो प्रश्न कसा विचारला होता, मान न वळवता, उत्तराची वाट बघितल्यासारखी जरा थांबून, हे त्याला आता एकेक करून दिसायला लागलं. दर वेळी दार उघडं होतं. तो दर वेळी भाजी निवडायला निघून गेला होता.

"आणि मलाही हवंच होतं म्हणा," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळं तुझ्यावर कशाला ढकलू? तू होतास म्हणून मला करत राहता आलं. पण परवा पेला सुटला तेव्हा मीही घाबरले. मी वाटच बघत होते, कधी काढतोयस."

"तूच का नाही थांबलीस मग?"

"वापरणारा असताना?" ती म्हणाली. तिला तो प्रश्नच कळला नव्हता, हे तिच्या तोंडावरून स्पष्ट दिसलं.

त्यानं पडद्याकडं बघितलं. रेघेशेजारच्या दुसऱ्या चौकोनात कालच्या लाल ओळी तशाच उभ्या होत्या. तिनं बऱ्याच हिरव्या करत आणल्या होत्या. थोड्या राहिल्या होत्या.

"घेत नाही म्हटलं तर?"

"तर पत्र जाईल. फळ्यावर लागेल, गोठवण लागेल, आणि बाहेर. बस. कोणी काही म्हणणार नाही तुला. मी तर नाहीच."

"आता कोणी वापरत नाही, हे तरी खरं आहे ना?"

"अगदी खरं."

"मग कशासाठी घ्यायचं?"

तिनं खांदे उडवले. "तू आलास तेव्हाही कोणी नव्हतं."

पळायचं म्हटलं तर दार चार पावलांवर होतं. सुट्टीचा दिवस, बाहेर ऊन, आणि 'नाही' हा शब्द म्हणायला त्याला कुणीही अडवणार नव्हतं. तो त्यानं मनात दोनदा म्हणूनही बघितला. ती वाट बघत बसली होती. या वेळी मान वळवून, सरळ त्याच्याकडं बघत.

"मला एका बोटानं टाइप करता येतं," तो म्हणाला.

"माझ्याकडं सध्या तेवढंही नाही," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.